चॅटबॉटशी झालेलं बोलणं परीक्षकाला दाखवायचं कसं?

सांगली जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी एमएला अर्थशास्त्र शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एमएच्या दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प आला. तिसऱ्या सत्रात चार क्रेडिटचा, चौथ्या सत्रात सहा क्रेडिटचा. हा अभ्यासक्रम २०२३-२४ मध्ये पहिल्या वर्षापासून सुरू झाला, म्हणून आमची पहिली तुकडी २०२४-२५ मध्ये प्रकल्पाला आली. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी चॅटबॉटच्या वापरावरून आमच्या विभागात जे झालं, ते क्रमाने लिहिते आहे. इतर विभागांतही हेच प्रश्न येत असणार. आमचा गेला तेवढा वेळ तुमचा जाऊ नये, म्हणून हे सांगणं.

आमची मुलं जत, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या भागांतून येतात. अनेकांच्या घरात एमएपर्यंत पोचलेलं हे पहिलंच माणूस. वर्गात आम्ही मराठीतून शिकवतो, पण संशोधनाचे बरेचसे लेख इंग्रजीत असतात. पूर्वी असा लेख कुणीतरी बसून समजावून द्यावा लागे. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं झालं. वर्ष-दोन वर्षांत मुलांच्या फोनवर कुठला ना कुठला चॅटबॉट आला. मुलं त्याला लेखाचा अर्थ विचारायला लागली. प्रश्नावलीचा कच्चा मसुदा त्याच्याकडून करून घ्यायला लागली. स्वतः लिहिलेला परिच्छेद त्याच्याकडून तपासून घ्यायला लागली. आम्हाला हे माहीत होतं. पण वापर केला तर तो प्रकल्पात कसा सांगायचा, याचा नियम आमच्याकडे नव्हता.

पहिल्या तुकडीतल्या एका मुलीचा विषय होता रोजगार हमी योजना. आमच्या भागाला हा विषय जवळचा आहे. या योजनेमागे वि. स. पागे यांचा विचार होता आणि त्यांनी सुरुवातीचा प्रयोग तासगाव तालुक्यात विसापूरला केला होता. त्या मुलीने खूप कष्ट घेतले. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या, आता सत्तरी ओलांडलेल्या बायकांना भेटली. त्यांच्या मुलाखती वहीत उतरवून घेतल्या. प्रकल्पात तिने दोन ठिकाणी प्रामाणिकपणे तळटीप दिली. एकीत लिहिलं, प्रश्नावलीचा पहिला मसुदा चॅटबॉटच्या मदतीने केला. दुसरीत एका माहितीचा आधार म्हणून नुसतं ‘चॅटबॉटशी संवाद’ आणि महिना.

तोंडी परीक्षेत बहिस्थ परीक्षकांनी नेमकी ती दुसरी तळटीप काढली. ते शांतपणे म्हणाले, “पुस्तक असतं तर मी ग्रंथालयात जाऊन बघितलं असतं. हा संवाद मी कुठे बघू?” तिने फोन काढला. तिने तो चॅटबॉट लॉग इन न करताच वापरला होता, त्यामुळे जुनं काहीच साठलेलं नव्हतं. मग पुढचे प्रश्न त्याच एका तळटिपेवर गेले. मुलाखतींवर बोलायला वेळच उरला नाही. त्याच दिवशी इतरही मुलांची परीक्षा झाली. त्यांच्यातल्या काहींनी चॅटबॉट वापरला होता, हे मला माहीत होतं. त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं, म्हणून त्यांना हा प्रश्न आलाच नाही.

नंतर ती स्टाफरूममध्ये आली आणि म्हणाली, “मॅडम, लिहिलं नसतं तर बरं झालं असतं का?” मी तिला म्हटलं, लिहिलंस ते बरोबरच केलंस. पण हे म्हणताना मला आतून वाईट वाटत होतं. कारण त्या दिवशी तरी खरं लिहिणारीचंच नुकसान झालं होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही काही शिक्षकांनी नियम शोधायला घेतले. आधी यूजीसीचे साहित्यचौर्यविरोधी नियम काढले. ते २०१८ चे, म्हणजे चॅटजीपीटीच्या आधीचे. त्यांत साम्याचे स्तर आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, मग १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर. पण हे स्तर आधी प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी किती साम्य आहे ते सांगतात. चॅटबॉट दर वेळी वाक्यं नव्याने जुळवतो. त्यामुळे त्याचा मजकूर साम्याच्या तपासणीत सापडेलच असं नाही. आमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे नव्हतं.

मग संदर्भ देण्याच्या पद्धती पाहिल्या. एमएलएने मार्च २०२३ मध्ये आणि एपीएने एप्रिल २०२३ मध्ये याबद्दल सूचना दिल्या होत्या. एपीएच्या त्या सूचनेत लेखकाच्या जागी साधन बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं, मग वर्ष, साधनाचं नाव, आवृत्ती आणि पत्ता. एमएलएने लेखकाची जागा रिकामी ठेवायला सांगितलं होतं आणि शीर्षकाच्या जागी आपण काय विचारलं ते लिहायला. शिकागो पद्धतीत नुसत्या तळटिपेवर भागतं. सगळ्यांना उघडता येईल अशी लिंक असेल तरच संवाद संदर्भसूचीत घ्यायचा. म्हणजे तीन पद्धतींची तीन उत्तरं. एपीएच्या सूचनेतली एक गोष्ट मात्र आम्हाला लगेच पटली. चॅटबॉटचं उत्तर वाचकाला जसंच्या तसं पुन्हा मिळवता येत नाही, म्हणून लांब उत्तराचा पूर्ण मजकूर परिशिष्टात द्यावा.

नियतकालिकांचं म्हणणंही पाहिलं. ‘नेचर’ने जानेवारी २०२३ मध्येच सांगितलं होतं की असं साधन लेखक म्हणून चालणार नाही. फेब्रुवारीत कोप या प्रकाशन-नीतीविषयक संस्थेनेही तेच म्हटलं. लेखाची जबाबदारी घेणं हे लेखकाचं काम, आणि साधन जबाबदारी घेऊ शकत नाही, हे त्यामागचं कारण. ‘सायन्स’ने २०२३ च्या अखेरीस वापराला परवानगी दिली. अट अशी की साधन, त्याची आवृत्ती आणि विचारलेला पूर्ण प्रश्न संशोधन-पद्धतीच्या भागात द्यायचा. एवढं वाचल्यावर आमची दिशा ठरली. वापर चालेल, तो सांगायचा, आणि संवाद दाखवायचा. दाखवायचा कसा, यातच पुढचे कितीतरी महिने गेले.

जुलैमध्ये नवी तुकडी आली. एका सहकाऱ्यांनी लिंकचा उपाय सुचवला. बहुतेक चॅटबॉटमध्ये संवाद शेअर करायची सोय असते. बटण दाबलं की लिंक तयार होते आणि ती ज्याच्याकडे असेल त्याला संवाद वाचता येतो. मुलांनाही हे सोपं वाटलं. आम्ही सांगितलं, तळटिपेत लिंक द्या.

पहिली अडचण छपाईची. मुलांनी फाइलमध्ये ‘संवाद इथे पाहा’ असं लिहून त्यावर लिंक जोडली होती. टायपिंग सेंटरमधून छापून आलेल्या कागदावर फक्त ‘संवाद इथे पाहा’ एवढेच निळे शब्द उरले. मग पूर्ण पत्ता टाइप करायला सांगितलं. तो अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ निघाला. परीक्षकांकडे बाइंड केलेली प्रत जाते. ती माळ बघून कुणी फोनवर एकेक अक्षर टाइप करत बसणार नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर. वसतिगृहातल्या काही मुलींनी पैसे भरून एकच खातं मिळून घेतलं होतं. महिन्याचा खर्च वाटून घ्यायच्या. त्यात सगळ्यांचे संवाद एकाच यादीत. एका मुलीने जागा मोकळी करायची म्हणून जुने संवाद पुसले. त्याबरोबर दुसरीच्या प्रकल्पातल्या लिंका बंद पडल्या. तिला ते कळलंसुद्धा नाही. मी एकेक लिंक उघडून बघत होते तेव्हा लक्षात आलं. त्या मुलीची काहीच चूक नव्हती. मूळ संवाद पुसला की त्याची शेअर केलेली लिंकही जाऊ शकते, हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं.

तिसरी गोष्ट वेळेवर लक्षात आली, नाहीतर दुसऱ्यांना त्रास झाला असता. एका मुलाने बचत गटांतल्या कर्जांवर काम केलं होतं. एकाच संवादात त्याने आधी एका लेखाचा सारांश मागितला होता, आणि नंतर मुलाखतींच्या नोंदी टाकून त्यांचं वर्गीकरण करून घेतलं होतं. नोंदींमध्ये बायकांची नावं, गाव, कुणाकडून किती कर्ज घेतलं, सगळं होतं. लिंक मात्र संपूर्ण संवादाची. सारांश दाखवायला दिलेल्या लिंकमधून त्या बायकांची कर्जं कुणालाही वाचता आली असती. मुलाखत घेताना त्याने त्यांना नाव बाहेर येणार नाही असा शब्द दिला होता. त्याने स्वतःच हे ओळखलं आणि धावत येऊन सांगितलं. आम्ही ती लिंक लगेच बंद केली. मुलाखतींच्या नोंदी नावासकट चॅटबॉटमध्ये टाकायच्याच नाहीत, हा नियम त्या दिवसापासून केला.

त्याच सुमारास, ऑगस्ट २०२५ च्या सुरुवातीला, चॅटजीपीटीचे शेअर केलेले काही संवाद गूगलच्या शोधात दिसत असल्याची बातमी आली. शेअर करताना ‘हा संवाद शोधात सापडू दे’ असा एक पर्याय होता आणि काही लोकांनी तो निवडला होता. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने तो पर्याय काढून टाकला. आमच्या मुलांचं काही बाहेर गेलं नाही. पण ज्याच्या हातात लिंक आहे त्याला सगळं दिसतं आणि लिंक हातोहात फिरते, हे सगळ्यांच्या मनावर ठसलं. लिंकचा नियम आम्ही मागे घेतला.

मग स्क्रीनशॉट. मुलांनी फोनवरून पानंच्या पानं काढली. बऱ्याच जणांच्या फोनवर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं होती. त्याची झेरॉक्स काढली की पान काळंकुट्ट. शिवाय एक उत्तर चार-पाच स्क्रीनशॉटमध्ये तुटायचं आणि मधली ओळ राहून जायची. स्क्रीनशॉटमधला मजकूर शोधताही येत नाही. काहींनी संवादाची पीडीएफ केली. त्यातून मराठी मजकूर उचलला तर काने-मात्रा इकडच्या तिकडे होत. परिशिष्ट मूळ प्रकल्पापेक्षा जाड व्हायला लागलं. एक मुलगी म्हणाली, बाइंडिंगचा खर्च परवडत नाही. तिचं खरं होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही पुन्हा बसलो. आमच्या ग्रंथपालांनी एक साधा प्रश्न विचारला, “परीक्षकाला या संवादातून नक्की काय बघायचं असतं?” त्यावर बोलता बोलता गोष्टी सुट्या झाल्या. मुलाने काय विचारलं, काय मिळालं, त्यातलं प्रकल्पात काय घेतलं आणि ते खरं आहे की नाही हे कुठे तपासलं, एवढंच परीक्षकाला हवं असतं. मग आम्ही एक तक्ता केला. त्याला ‘संवाद-नोंद’ असं नाव दिलं. रकाने असे: तारीख, साधन आणि आवृत्ती, विचारलेला प्रश्न, उत्तरातलं काय वापरलं, प्रकल्पातलं पान, आणि पडताळणी कुठे केली. हा तक्ता प्रत्येकाच्या परिशिष्टात सक्तीचा. ज्या उत्तरातला मजकूर किंवा रचना प्रकल्पात आली, तेवढ्याच संवादाचा पूर्ण मजकूर तक्त्याखाली जोडायचा. तो चॅटबॉटमधून थेट कॉपी करून वर्डमध्ये युनिकोडमध्ये घ्यायचा, म्हणजे काने-मात्रा जागेवर राहतात. माणसांची नावं आणि गावं काढून ‘प्रतिसादक १’, ‘प्रतिसादक २’ असं लिहायचं. बाकीच्या संवादांची फाइल विभागाच्या संगणकावर आणि मुलाच्या पेन ड्राइव्हवर. निकाल लागेपर्यंत ती पुसायची नाही.

तक्त्याबरोबर आणखी एक नियम केला, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच. चॅटबॉटशी झालेला संवाद कुठल्याही माहितीचा पुरावा म्हणून द्यायचा नाही. प्रश्नावली केली, सारांश घेतला, भाषा तपासली, तर ती मदत झाली. तिची नोंद द्यायची. पण एखादी तारीख, आकडा, कायदा, कुणाचं मत लिहायचं असेल, तर मूळ कागद गाठायचा आणि संदर्भ त्याचाच द्यायचा. मूळ कागद सापडला नाही, तर ते वाक्य प्रकल्पात घ्यायचं नाही.

याची गरज लवकरच दिसली. या तुकडीतही एकाने रोजगार हमीचा विषय घेतला होता. चॅटबॉटने त्याला योजनेच्या कायद्याचं एकच वर्ष सांगितलं. तो ग्रंथालयात बसला आणि कायदाच काढला. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, पण तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ पासून. केंद्राचा कायदा त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २००५ मध्ये. १९७७ ते १९७९ या मधल्या दोन वर्षांत काय चाललं होतं, हा प्रश्न त्याला त्यामुळेच पडला आणि त्याचं एक प्रकरण त्यातून उभं राहिलं.

त्याच मुलाला चॅटबॉटने वाचायला म्हणून काही लेख सुचवले होते. त्यातला एक तर अगदी हवा तसा. लेखकाचं नाव ओळखीचं, इंग्रजी नियतकालिक नामांकित, वर्ष, अंक, पानांचे आकडे, सगळं दिलेलं. ग्रंथपालांनी तो अंक काढून दिला. त्या पानांवर दुसराच लेख होता. लेखकाच्या नावाने शोधलं, तरी असा लेख सापडला नाही. तो लेख कुणी लिहिलेलाच नव्हता. मी मग वर्गात न्यूयॉर्कचं प्रकरण सांगितलं. तिथल्या वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले खटले न तपासता न्यायालयात सादर केले होते. ते खटले अस्तित्वातच नव्हते. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी त्यांना ५,००० डॉलरचा दंड केला. मुलांना वाटतं, संदर्भात पान क्रमांक आहे म्हणजे तो खरा असणार. चॅटबॉट मात्र आधीच्या शब्दांनंतर कोणते शब्द येण्याची शक्यता जास्त, ते बघून पुढे जुळवत जातो. संदर्भाचा साचा त्याला बरोबर येतो. त्या साच्यात भरलेला लेख जगात आहे की नाही, हे आपल्यालाच बघावं लागतं. त्या मुलाने तक्त्यात त्या ओळीसमोर लिहिलं, ‘अंक पाहिला. लेख नाही. वापरला नाही.’ मला ती ओळ फार आवडली.

नोंदीचा आणखी एक उपयोग झाला, तो आम्हाला आधी सुचला नव्हता. एका मुलीच्या प्रकल्पात एक आकडा पुढच्या तक्त्याशी जुळत नव्हता. ती रडकुंडीला आली होती, कारण सबमिशन जवळ आलं होतं. आम्ही तिची संवाद-नोंद काढली. इंग्रजी लेखात आकडा मिलियनमध्ये होता. चॅटबॉटने केलेल्या मराठी सारांशात तोच आकडा लाखांत आला होता. एक मिलियन म्हणजे दहा लाख, म्हणजे आकडा दहा पटींनी कमी झाला होता. मूळ लेख आणि संवाद दोन्ही समोर होते, म्हणून चूक कुठे शिरली ते बसल्या बैठकीत सापडलं. नोंद नसती तर तिने सगळा प्रकल्प उलटापालटा केला असता. तेव्हापासून इंग्रजी लेखाचा सारांश वापरला, तर त्यातला प्रत्येक आकडा मूळ लेखाशी ताडून बघायचा आणि संदर्भ मूळ लेखाचाच द्यायचा, असं ठरलं.

वर्षाच्या मध्यात एका बैठकीत सूचना आली की सगळे प्रकल्प ‘एआय ओळखणाऱ्या’ सॉफ्टवेअरमधून काढा, म्हणजे नोंदीची भानगडच नको. एकाने नमुना म्हणून एका मुलीचा इंग्रजी सारांश तपासला. सॉफ्टवेअरने तो यंत्राने लिहिला आहे असं दाखवलं. तो तिने स्वतः लिहिला होता. आधी वहीत कच्चा, मग संगणकावर. खाडाखोड केलेली वही तिने आणून दाखवली. मी बैठकीत दोन गोष्टी मांडल्या. ओपनएआयने स्वतःचंच असं ओळखणारं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी त्याच वर्षी दाखवलं होतं की इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे निबंध अशी साधनं सरासरी निम्म्याहून अधिक वेळा यंत्राचे ठरवतात. आमच्या मुलांचं इंग्रजी साधं, छोट्या वाक्यांचं असतं. त्यांच्यावरच हा आरोप पहिला येणार. ती सूचना मागे पडली. त्या मुलीला मात्र दोन दिवस जेवण गेलं नव्हतं, असं तिच्या मैत्रिणीने मला सांगितलं. मुलांनी कच्चे खर्डे जपून ठेवावेत, हा नियम त्यातूनच आला. तुमच्याकडे कुणी असा आरोप केला तर वही, फाइलच्या जुन्या प्रती आणि संवाद-नोंद हीच मुलांच्या बाजूची साक्ष असते.

चौथ्या सत्राची तोंडी परीक्षा आली. परीक्षक नवे होते. या वेळी आम्ही त्यांना प्रकल्पांबरोबरच विभागाचं एक पानी सूचनापत्र आधी पाठवलं होतं. रोजगार हमीवाल्या मुलाची पाळी आली तेव्हा त्यांनी परिशिष्ट उघडलं, त्यातला एक प्रश्न वाचला आणि तोच स्वतःच्या फोनवर चॅटबॉटला विचारला. उत्तर वेगळं आलं. त्यांनी मुलाकडे बघितलं. मुलाने सांगितलं, “सर, दर वेळी उत्तर थोडं बदलतं. शिवाय मी विचारलं तेव्हाची आवृत्ती वेगळी होती, ती तक्त्यात लिहिली आहे. म्हणून मी मला आलेलं उत्तर पूर्ण जोडलंय. आणि माहिती उत्तरावरून घेतलेली नाही, कायद्यावरून घेतली आहे.” परीक्षकांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न मधल्या दोन वर्षांवर विचारला. त्यानंतर बोलणं विषयावरच चाललं. मला फार बरं वाटलं.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. तक्ते तपासायला खूप वेळ लागतो आणि आमच्याकडे एकेका शिक्षकाकडे बरीच मुलं असतात. मी सगळे तक्ते ओळीन्‌ओळ तपासले नाहीत. प्रत्येकातल्या काही ओळी निवडून मूळ कागदाशी ताडल्या. काही मुलांनी वापर लपवला असेलच, आणि तो ओळखायचा खात्रीचा मार्ग माझ्याकडे नाही. तोंडी परीक्षेत ‘हे तुला कुठून कळलं’ असं दोन-तीनदा विचारलं की बरंचसं उघड होतं, एवढं मात्र अनुभवाने सांगते.

ज्यांना हे सुरू करायचं आहे त्यांच्यासाठी आमच्या सूचनापत्रातलं थोडक्यात देते. प्रकल्पासाठी प्रत्येकाने स्वतःच्या खात्यात लॉग इन करूनच चॅटबॉट वापरावा. खातं मिळून घेतलेलं नको, आणि संवाद न साठवणारा तात्पुरता प्रकारही नको. प्रत्येक कामासाठी वेगळा संवाद उघडावा, म्हणजे दाखवताना नको ते बाहेर येत नाही. मुलाखतीतली नावं, फोन नंबर, आधार, कर्ज, आजार यांतलं काहीही त्यात टाकू नये. उत्तर आलं की त्याच दिवशी मजकूर वर्डमध्ये उतरवावा आणि तक्त्यात ओळ भरावी. शेवटच्या आठवड्यात आठवून भरलेला तक्ता चालत नाही, तारखा आणि आवृत्त्या चुकतात. लिंक द्यायचीच असेल तर मजकुराच्या जोडीला द्यावी, मजकुराऐवजी नको. संदर्भसूचीची पद्धत विभागाने एकच ठरवावी आणि सगळ्यांनी तीच पाळावी. आम्ही एपीए घेतली. दुसरी घेतलीत तरी अडत नाही.

आणि शिक्षकांना एक विनंती. मुलांनी नोंद भरावी अशी अपेक्षा असेल तर पहिल्याच दिवशी लेखी सांगा की वापर नोंदवला म्हणून गुण जाणार नाहीत, पडताळणी केली नाही तर जातील. तो कागद बहिस्थ परीक्षकांनाही परीक्षेच्या आधी पाठवा आणि त्यांच्याशी फोनवर बोलून घ्या. आमच्याकडे तक्ता दिवाळीनंतर आला, पण मुलं तो मनापासून भरायला लागली ती ही हमी कागदावर आल्यानंतर. तक्त्याचे रकाने तुम्ही तुमच्या सोयीने बदला. ही हमी मात्र आधी द्या.